मामांच्या मित्राची सीट

८ जानेवारी

चि. पंक्चरवालीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे. दुकान चालू आहे, दोन्ही मशिनी चालू आहेत, आणि गिऱ्हाइकं पूर्वीसारखीच आज माप देऊन उद्या कपडे मागतात. फोन का केला नाही असं तू विचारशील. एक तर फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, आणि दुसरं म्हणजे विषय असा आहे की दुकानात उभं राहून मोठ्याने बोलता येणार नाही. कापड बघायला आलेल्या बायकांसमोर तर नाहीच.

माझा एक मित्र आहे. तू त्याला ओळखत नाहीस. वय एकसष्ट, प्रकृती माझ्यासारखीच, धंदाही साधारण बसूनच करायचा. या गृहस्थाने दोन महिन्यांपूर्वी सायकल चालवायला घेतली. का घेतली ते त्याने मलाही नीट सांगितलेलं नाही. त्याला एकदा, फक्त एकदाच, चौऱ्याहत्तर किलोमीटर जायचं आहे, एवढं मला ठाऊक आहे. दहाव्या किलोमीटरला त्याच्या बैठकीला आणि बैठकीच्या आसपासच्या प्रदेशाला मुंग्या येतात, आणि मग काहीच कळेनासं होतं. उतरल्यावर पंधरा-वीस मिनिटं तो कुणाच्या तरी भिंतीला टेकून उभा राहतो आणि आपण भिंतीचा रंग बघतोय असं येणाऱ्या-जाणाऱ्यांना भासवतो.

उपाय त्याने केले. थोडंफार शिवणकाम येत असल्यामुळे (माझं बघून शिकला) त्याने सीटला गादी शिवली. आधी कापसाची, मग तिच्यावर स्पंजची, आणि सगळ्यावर मखमलीचं कव्हर, कडेने दोरी ओवलेली. सीट इतकी देखणी झाली आहे की तिच्यावर बसायला संकोच वाटावा. पण मुंग्या दहाव्या किलोमीटरला यायच्या त्या आता सहाव्यालाच येतात. असं का, ते त्याला कळत नाही. तू सात वर्षं सायकलींचं दुकान चालवतेस, म्हणून तुला विचारतो असं मी त्याला कबूल करून बसलो आहे.

घरी हे पत्र दाखवू नकोस. मित्र लाजाळू आहे.

तुझा मामा


१४ जानेवारी

ती. मामांस,
नमस्कार. तुमच्या मित्रालाही नमस्कार सांगा. मला मामा एकच असला तरी त्यांचे मित्र मला त्यांच्याइतकेच प्रिय आहेत. आणि इतका जवळचा मित्र, की त्याच्या बुडाला मुंग्या आल्या की तुम्हाला किलोमीटरसकट कळतं. अशी मैत्री हल्ली बघायला मिळत नाही.

आधी ती गादी काढा. मखमलीसकट. तुम्ही शिंपी लोक, काही टोचलं की कापड वाढवता. (तुमचा मित्र शिंपी नाही हे मी विसरले, त्याने माफ करावं.) माणसाच्या बुडात खाली दोन हाडं असतात. वजन त्यांच्यावर यायला हवं. गादी जितकी मऊ तितकी ती हाडं आत बुडतात, आणि मधला स्पंज वर फुगून नेमका त्या ‘आसपासच्या प्रदेशा’ला दाबतो. तिथे नसा आहेत, रक्तवाहिन्या आहेत. त्या दाबल्या गेल्या की मुंग्या, आणि दाबतच राहिल्या की बधिरपणा. मित्राने एवढ्या कष्टाने शिवलेली गादी हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे, फक्त इथे तोंड दाबलेलं नाही एवढंच.

प्रदेशाचं नाव घ्यायला लाजू नका. मी रोज चार-पाच जणांच्या प्रदेशांची चौकशी करते. पहिल्या दिवशी सगळे मित्राच्याच वतीने आलेले असतात.

आता मित्राला एक काम सांगा. पन्हळी पुठ्ठ्याचा तुकडा घ्यायचा, खोक्याचा असतो तो. कडक स्टुलावर ठेवून त्यावर बसायचं, थोडं पुढे वाकून, टाचा उचलून. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजायचं. माप घेण्यात तो तुमच्याइतकाच तरबेज असेल अशी आशा आहे.

एक विचारते. चौऱ्याहत्तरच का? माणूस पंचाहत्तर म्हणतो, सत्तर म्हणतो. चौऱ्याहत्तर हा आकडा कुणी उगाच ठरवत नाही.

आईला दाखवलं नाही. पत्र पान्यांच्या खणात ठेवलं आहे. हात काळे होतात म्हणून ती त्या खणाला शिवत नाही.

तुमची
पंक्चरवाली


२५ जानेवारी

चि. पंक्चरवालीस,
आशीर्वाद. मित्राला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, मुलगी हुशार आहे पण जिभेला बक्कल नाही. मी म्हटलं, आईवर गेली आहे.

पुठ्ठ्याचा प्रयोग झाला. बटणांच्या खोक्याचं झाकण घेतलं आणि कापायच्या टेबलाजवळच्या स्टुलावर ठेवून मी बसलो. म्हणजे तो बसला, मी बघत होतो. टाचा उचललेल्या, अंग पुढे, आणि नेमक्या त्याच वेळी शाळेचे मुख्याध्यापक पँटची लांबी कमी करायला आले. त्यांनी विचारलं, काय करताय? काय सांगणार? म्हटलं, पुठ्ठ्याची ताकद बघतोय. त्यांनी पँट ठेवली आणि माप न देताच गेले. तेव्हापासून रस्त्यात भेटले की फार मऊ आवाजात माझी विचारपूस करतात.

माप पाच इंच, एक सूत कमी.

गादी काढली. मखमल मांजराला दिली, तिच्या बैठकीची तक्रार नाही. पण मित्राने त्यापुढे आपल्या अकलेने एक गोष्ट केली. सीटचं पुढचं टोक दाबतं ना, मग टोकच खाली करू, असा त्याने विचार केला आणि टोक तीन बोटं खाली वाकवलं. आता मधे मुंग्या येत नाहीत. मात्र तो सारखा पुढे घसरतो, आणि घसरू नये म्हणून सगळा भार हँडलवर टाकतो, त्यामुळे मुंग्या हातांना येतात. परवा घरी आल्यावर सुईत दोरा ओवता येईना. हाताची दोन बोटं दुसऱ्याच कुणाची तरी असावीत तशी लोंबत होती. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

चौऱ्याहत्तरचं कारण मित्राला विचारलं. तो म्हणाला, रस्ता तेवढा लांब आहे त्याला मी काय करू.

तुझा मामा


२ फेब्रुवारी

ती. मामांस,
नमस्कार.

मित्राला म्हणावं, यापुढे स्वतःची अक्कल फक्त कात्री चालवताना वापरायची. आणि हे मी हसत लिहीत असले तरी एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. उतरल्यावर बधिरपणा दहा-पंधरा मिनिटांत जायला हवा. तो तासभर राहत असेल, किंवा दुसऱ्या दिवशीही जाणवत असेल, तर सायकल भिंतीला लावायची आणि डॉक्टरकडे जायचं. नस चिरडून घेण्यात काही मर्दुमकी नाही. माझं एक गिऱ्हाईक ‘सवय होईल’ म्हणत राहिलं आणि मग त्याला सहा महिने सायकलवर बसायला बंदी झाली.

आता नीट वाचा. सीट सपाट हवी. तिच्यावर एक जाड पुस्तक आडवं ठेवा, पुस्तकावर अर्धा पेला पाणी. पाणी पेल्यात सगळीकडे सारख्या उंचीवर दिसलं की सीट सपाट. मग टोक केसभर खाली चालेल, बोटभर नाही. उंची बघायला भिंतीला धरून बसा आणि टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. सीट त्याहून उंच असली की माणूस पाय पुरवायला डावी-उजवीकडे हलत राहतो आणि घासून घासून जीव नकोसा होतो. मागून कुणाला तरी बघायला सांगा, कंबर डुलते का. मुख्याध्यापकांना सांगितलंत तरी चालेल, ते आता तयार झाले आहेत.

हँडल दोन बोटं वर घ्या. आणि दर दहा मिनिटांनी पॅडलवर उभं राहायचं, वीस अंक मोजायचे, मग बसायचं. रक्ताला परत जायला वाट द्यायची.

पाच इंचाला सहाची सीट लागते. एक पार्सलने पाठवते आहे. कडक आहे, मधे खोलगट पन्हळ आहे. बघून मित्र नाक मुरडेल. आठ दिवस बसू द्या, मग बोलू.

तुमची
पंक्चरवाली


२० फेब्रुवारी

चि. पंक्चरवालीस,
आशीर्वाद.

पार्सल पोचलं. पत्राला उशीर झाला कारण सांगण्यासारखं चांगलं काही नव्हतं.

तुझ्या धाकाने मित्राच्या वतीने मी डॉक्टरांकडे गेलो. सगळं सविस्तर सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, बरं, मित्राला या टेबलावर झोपायला सांगा. खोलीत आम्ही दोघंच. मग झोपावं लागलं. त्यांनी तपासलं आणि तू म्हणालीस तेच सांगितलं: नस शाबूत आहे, दाब काढा, मधे मधे उठा. फी एकाच माणसाची घेतली.

सीट उत्तम आहे. पहिले चार दिवस मित्र तुला मनातल्या मनात बोल लावत होता, पाचव्या दिवशी थांबला. पाण्याचा पेला, टाच, हँडल, सगळं केलं. मुंग्या गेल्या. वीस किलोमीटर सहज होऊ लागले. मग रविवारी तो निघाला. तुला न सांगता, मलाही न सांगता, थेट चौऱ्याहत्तरच्या रस्त्याला.

एकतिसाव्या किलोमीटरला थांबला. मुंग्या नव्हत्या, पण मधोमध सोलवटलं होतं. पायी दोन पावलं टाकली तरी डोळ्यांत पाणी. पुढे त्रेचाळीस उरलेले. दगडावर बसावं म्हटलं तर बसता येईना. अर्धा तास तो उभा राहिला, मग एक भाजीचा टेम्पो आला. सायकल कोबीच्या पोत्यांवर आडवी टाकली आणि हा त्या पोत्यांना धरून उभा. ड्रायव्हरने दोनदा सांगितलं, पुढे येऊन बसा. याने दोनदा सांगितलं, मला वारा आवडतो.

आता तो म्हणतो की पुरे झालं. काही रस्ते ज्या वयात जायचे असतात त्याच वयात जायचे. मी त्याला समजावलं नाही. मलाही तसंच वाटतं.

ताई कशी आहे? हे मी विचारतो आहे, मित्र नव्हे.

तुझा मामा


२८ फेब्रुवारी

ती. मामांस,
नमस्कार.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, ती त्यांच्याहून जास्त कुरकुरते. चष्म्याचा नंबर वाढला तरी सुईत दोरा पहिल्या खेपेलाच ओवते आणि मग माझ्याकडे बघते, मी पाहिलं की नाही ते तपासायला.

मित्राच्या सोलवटण्याबद्दल मी दोन दिवस विचार केला. सीट बरोबर, उंची बरोबर, मग घासतं काय? सुचेना. मग माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाला विचारलं. त्या बाई स्वतः सायकल चालवत नाहीत, पण सगळ्यातलं सगळं त्यांना कळतं. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. म्हणाल्या, तो काय घालून बसतो? मी म्हटलं, साधी पँट असणार, स्वतः शिवलेली. त्या म्हणाल्या, मग काखेत कळसा आणि गावाला वळसा. पँटच्या चार शिवणी कुठे येऊन भेटतात? बरोबर मधोमध. तो त्या गाठीवर एकतीस किलोमीटर बसला. ज्यावर बसायचं तिथे शिवण येता कामा नये.

उपाय त्यांनी असा सांगितला: अंगाला घट्ट बसणारी, ताणणारं कापड असलेली अर्धी चड्डी शिवायची. मधे शिवणींची गाठ येऊच द्यायची नाही, तिथे एक अखंड तुकडा घालायचा, पुढून मागे, वर रुंद आणि टोकांना निमुळता. आतून पातळ, दाट अस्तर, गादी नव्हे. आत दुसरं काही घालायचं नाही. हे शेवटचं त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं.

आता माझं. मी नकाशावर मोजलं, मामा. तुमच्या दुकानाच्या दारापासून आमच्या दारापर्यंत चौऱ्याहत्तर किलोमीटर होतात. बाबा गेले त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, एकोणीस वर्षांची. तुम्ही साडेचारला आलात आणि म्हणालात, बस चुकली. आणि आई म्हणाली, चौऱ्याहत्तर किलोमीटर, सायकलने निघाला असतास तरी वेळेत पोचला असतास. त्यानंतर नऊ वर्षं तुम्ही आला नाहीत आणि तिने बोलावलं नाही. मला वाटायचं, रागात बोललेलं वाक्य, हवेत गेलं असेल. ते तुम्ही असं जपून ठेवलं असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

तुमच्या मित्राने सोडू नये असं मला फार वाटतं.

तुमची
पंक्चरवाली


९ मार्च

चि. पंक्चरवालीस,
आशीर्वाद.

चड्डी शिवली. तीन वेळा उसवून चौथ्यांदा जमली. अखंड तुकड्याची युक्ती नामी आहे. मित्र काल बावन्न किलोमीटर जाऊन आला आणि घरी येऊन खुर्चीवर बसला. नुसता बसला. बसणं ही किती मोठी गोष्ट आहे हे चाळीस वर्षं बसून काम केलेल्या माणसाला काल कळलं.

तुझ्या त्या जुन्या गिऱ्हाइकाबद्दल. ‘ज्यावर बसायचं तिथे शिवण येता कामा नये.’ हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आठ वर्षांचा होतो. आमचे वडील कापायच्या टेबलाशी उभे राहून म्हणायचे, आणि ऐकायला टेबलाखाली आम्ही दोघंच असायचो. मी आणि ताई. तिसऱ्या कुणाला ते ठाऊक असायचं कारण नाही. तेव्हा पान्यांच्या खणात हात काळे होतात म्हणून कुणी हात घालत नाही, यावर तू फार विसंबू नकोस.

लेकी बोले सुने लागे असं म्हणतात. मीही आता तुला लिहितो, ज्यांना लागायचं त्यांना लागो. तुझ्या गिऱ्हाइकाला माझ्या मित्राची एक गोष्ट सांग.

या मित्राच्या भावोजींनी एकदा कोटाचं कापड आणून दिलं होतं. राखाडी, लोकरीचं, चांगलं जड. मित्र म्हणाला, पुढच्या महिन्यात शिवतो. घरच्यांचं काम, गिऱ्हाइकाच्या पुढे कसं घ्यायचं? सहा वर्षं ते कापड फडताळात राहिलं. भावोजी दर भेटीत हसून विचारायचे, कोट कितवीत गेला? शेवटी याला लाज वाटली आणि याने कोट बेतला, टाचला, कच्चा धागा घातला. बाह्या तेवढ्या राहिल्या होत्या. तेव्हा एके दिवशी सकाळी आठ वाजता फोन आला की भावोजींना हॉस्पिटलात नेलंय, ये.

त्याला वाटलं, माणूस हॉस्पिटलात जातो आणि चार दिवसांनी घरी येतो. घरी येताना अंगावर कोट असावा. दोन बाह्या जोडायला कितीसा वेळ लागतो? त्याने नऊची बस सोडली. एक बाही उलटी बसली, उसवली, अकराची सोडली. दोनची धरली. तो पोचला तेव्हा सगळं संपून पावणेदोन तास झाले होते.

कोट खांद्यावरच्या पिशवीत होता. पिशवी त्याने खाली ठेवलीच नाही. ज्याच्यासाठी शिवला तो माणूस समोर पडलेला, आणि मी कोट शिवत बसलो होतो असं कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून तो म्हणाला, बस चुकली. त्याच्या बहिणीने त्याच्या बाहीवर कच्च्या धाग्याचे पांढरे तुकडे पाहिले. तीही शिंप्याचीच मुलगी. तिने ओळखलं की हा घरून नव्हे, कामावरून उठून आलाय. कुणाचं काम, ते तिने विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही.

कोट अजून तसाच आहे, कच्च्या धाग्यासकट. पुढे हात लावायचं झालं नाही. मित्राला तो नेऊन द्यायचा आहे, आणि बसने जायचं नाही एवढं त्याने ठरवलं आहे. सत्तावीस मार्चला, रविवारी, निघावं असं त्याच्या मनात आहे. कुणी नको म्हटलं तर तो निघणार नाही.

तुझा मामा


१७ मार्च

ती. मामांस,
नमस्कार.

मी पकडली गेले ते खरं. तुमचं दुसरं पत्र आलं त्याच दिवशी आईने मला विचारलं, मखमल कुठली वापरली होती त्याने? तेव्हापासून प्रत्येक पत्र ती माझ्याआधी वाचते आणि परत खणात ठेवते, वर पाना तिरका. तिरका पाना ही माझी खूण आहे असं तिला वाटतं, म्हणून ती तो न चुकता तिरकाच ठेवते. टेम्पोचं पत्र वाचताना ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग म्हणाली, लहानपणीही याला पोत्यांबरोबरच पाठवायचे.

हे शेवटचं पत्र मात्र मीच तिच्या हातात दिलं. तिने वाचलं. घडी घातली. मग उठून स्वयंपाकघरातला ओटा पुसला, पुसलेला परत पुसला. तिसऱ्या दिवशी तिने पत्र पुन्हा मागितलं आणि स्वतःकडे ठेवलं. या गोष्टीला आज पाच दिवस झाले. ती माझ्याशी भाजी, वीज आणि गुडघे एवढ्याच विषयांवर बोलते.

गिऱ्हाइकाने उत्तर दिलेलं नाही, मामा. नको म्हटलेलं नाही, ये असंही म्हटलेलं नाही. मी मधे बोलले तर बिघडवीन म्हणून गप्प आहे. गप्प बसणं मला किती जड जातं ते तुम्हाला ठाऊक आहे.

मित्राला म्हणावं, सराव चालू ठेव. आणि निघायच्या आदल्या आठवड्यात सीटला हात लावू नकोस. जे जमलंय ते जमलेलं राहू दे.

तुमची
पंक्चरवाली


२० मार्च

बाळूच्या मित्रास,

तुझ्या त्या मित्राला, म्हणजे माझ्या भावाला, नऊ वर्षांत मी पत्र लिहिलेलं नाही, आणि आता पहिल्याच पत्रात त्याला काही बोलले तर तो परत तोंड लपवील. तेव्हा तुलाच लिहिते. तू मला बरा माणूस वाटतोस. त्याच्यापेक्षा खरं बोलतोस.

त्या दिवशी बाहीवर पांढरे धागे होते, ते मी पाहिले. धाग्यांबरोबर राखाडी लव होती, तीही पाहिली. ते कापड मीच निवडलेलं. दुकानात चार तास बसून, यांना उन्हात नेऊन रंग दाखवून घेतलेलं. मला ते ओळखायला हवं होतं. पण रागावलेल्या माणसाला हवं तेवढंच दिसतं. मला धागे हवे होते, धागे दिसले. एवढी चूक माझी. बाकीची सगळी बाळूची आहे, त्याने ती निमूट घ्यावी. एक वाक्य होतं बोलायचं, ‘कोट शिवत होतो.’ त्याला नऊ वर्षं लागली, आणि तेही तुझ्या तोंडून.

हे जाताना शुद्धीवर होते. बाळू येतोय का, असं त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, निघालाय. ते म्हणाले, कोट घेऊन येतो की काय बघ. आणि हसले. मला वाटलं होतं की ही गोष्ट मी त्याला कधीच सांगणार नाही, शिक्षा म्हणून. ती शिक्षा मलाच जास्त झाली. आठ दिवस मी हे लिहू की नको करत होते.

सत्तावीसला ये. पहाटे उजाडल्यावर निघ, आधी नको. दर दहा मिनिटांनी उभं राहायचं आणि वीस मोजायचे. बाळू लहानपणी बारानंतर थेट सोळा म्हणायचा, तेव्हा तू नीट मोज. तो सायकल शिकला तेव्हा मागून सीट धरून मीच धावले होते, आणि मी सोडली हे त्याला पुढच्या वळणापर्यंत कळलं नव्हतं. आता धावायला माझे गुडघे नाहीत. पण पुलापर्यंत मी चालत येईन आणि कठड्याशी उभी राहीन. पंक्चरवाली हवेचा पंप घेऊन बरोबर असेल. ती आत्तापासूनच नाचते आहे.

घरात एकच खुर्ची चांगली आहे, ती लाकडी आहे. गादी घालणार नाही, मुलीने मनाई केली आहे.

आणि कोट जसा आहे तसाच आण. धागे काढून, इस्त्री करून, शहाणपणा करून आणू नकोस. वडिलांच्या दुकानात टाचायचं काम बाळूचं असे आणि कच्चे धागे उसवायचं माझं. टेबलाखाली बसून एकेक ओढून काढायचे आणि बोटाला गुंडाळायचे. ते काम माझं राहिलं आहे. कोट मला दे, धागे मी काढते.

बाळू बरोबर आला तरी चालेल.

ताई